माघातला खमतखामणा

बोदवड, १२ फेब्रुवारी १९६७

मित्र सुकदेव, जय जिनेंद्र.

धुळ्याच्या बोर्डिंगात आपण एका खोलीत राहिलो त्याला पन्नास वर्षं होत आली. तेव्हापासून आजपर्यंत मनाने, वाचेने, कायेने माझ्याकडून तुझं मन दुखावलं असेल तर खमतखामणा. मिच्छामि दुक्कडं. मॅट्रिकच्या गणिताच्या पेपरात तू मला खूण केलीस आणि मी मान फिरवली, तेही यात धर. भागावहिनींच्या कळण्याच्या भाकरीला मी एकदा नाव ठेवलं होतं. त्यांचीही क्षमा मागतो.

तुझी वहिनी प्रेमकुंवर जाऊन कार्तिकात दोन वर्षं झाली. कापडाचं दुकान सुरेशचंद नीट बघतो, मी गेलो काय आणि न गेलो काय. सूनबाई राजकुंवर माझं औषधपाणी करते. झोप लागत नाही, पण वैद्यांचं औषध आहे, त्याने दोन-तीन तास डोळा लागतो.

माझं खिशातलं घड्याळ तुला वेगळ्या पार्सलने पाठवलं आहे. बोर्डिंगात असल्यापासून तुझा त्याच्यावर डोळा होता. मला आता वेळ बघण्याचं काही कारण राहिलं नाही.

उत्तराची घाई करू नकोस.

तुझा
गौतमचंद


साक्री, १८ फेब्रुवारी १९६७

गौतमचंदशेठ, रामराम.

तुझं पंचांग उंदरांनी खाल्लं की काय? तुमचा खमतखामणा भाद्रपदात संवत्सरी झाली की येतो, हे माझ्यासारख्या पाटलालाही पाठ आहे. चाळीस वर्षं दर भाद्रपदात तुझं कार्ड येतं, त्यात क्षमा मागितलेली असते, मी ती करतो आणि आपण दोघं पुढच्या वर्षीच्या चुकांना मोकळे होतो. मागच्या भाद्रपदातलं कार्ड माझ्या फडताळात आहे. मग हा माघात काय प्रकार? पाच महिन्यांत एवढं कोणतं पाप केलंस, तेवढं कळव, म्हणजे माफ करायला बरं पडेल.

घड्याळ पोचलं. छान चालतं. पण मास्तरकी सोडून मला आठ वर्षं झाली. आता घड्याळ बघून मी हाकलणार कोणाला, गुरांना? भाकरीचं मात्र मी घरात वाचून दाखवलं आणि फसलो. भागाबाई हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, “भादवा नही, काही नही, नि यास्नी माफी का मांगी? मानूस लांब जावाना राहिना म्हनजे असं लिखस. तुम्ही जाई या.” मी म्हटलं, तो कुठे जातोय लांब, बोदवडहून भुसावळला जायचं तर दोन दिवस विचार करतो.

येईन म्हणतो, पण सध्या इथे निवडणुकीच्या भोंग्यांनी कान किटले आहेत आणि महिनाअखेरीस धुळ्याला माझा मोतीबिंदू काढायचा आहे. तो झाला की दोन्ही डोळ्यांनी तुला बघायला येतो. तोवर झोपेचं औषध जरा बेताने घे. वैद्यांना काय, ते देत राहतात.

तुझा
सुकदेव


बोदवड, २८ फेब्रुवारी १९६७

आदरणीय सुकदेवकाकांना राजकुंवरचा नमस्कार.

मी गौतमचंदजींची सून. तुमचं पत्र बापूजींनी दोनदा वाचलं आणि बाजूला ठेवलं. मी म्हटलं, उत्तर लिहायचं ना? तर म्हणाले, “तूच लिही, आनंदात आहे म्हणून कळव.” म्हणून लिहायला बसले आहे, पण आनंदात आहेत असं मला लिहिता येत नाही.

आमच्याकडे सध्या रोज माणसं येतात. बापूजी संथारा घेणार अशी गावात बातमी झाली आहे. तुम्हाला ठाऊक असेल, आमच्यात आयुष्याच्या शेवटी, सगळं पुरं झालेला माणूस महासतीजींच्या, म्हणजे साध्वींच्या, परवानगीने अन्नपाणी सोडतो. ते फार मोठं व्रत मानतात. महासतीजी चाळीसगावहून पायी विहार करत निघाल्या आहेत, फाल्गुनात इथे पोचतील, त्यांच्याकडे मागणार असं बापूजी म्हणतात. त्यांनी अंगठी धाकट्या नणंदेला दिली, शाल मुनीम गिरधरला दिली, सासूबाईंचा फोटोसुद्धा त्यांच्या माहेरी पाठवून दिला. ह्यांना फार अभिमान वाटतो. आमच्या घराण्यात संथारा कधी झाला नाही, भाग्य लागतं, असं हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. बायका बापूजींच्या पाया पडतात. तेव्हा ते भिंतीकडे बघतात.

काका, आता जे लिहिते ते ह्यांना माहीत नाही. वैद्यांच्या आसवाची बाटली पूर्वी पंधरा दिवस पुरायची. दिवाळीपासून तिसऱ्या दिवशी संपते. वैद्यांनी द्यायचं थांबवलं तर गिरधर स्टेशनाकडून कुठून तरी आणतो. बाटली तीच, वरचा कागदही तोच, वास मात्र वेगळा. आमच्या घरात त्या वस्तूचं नाव घेत नाहीत, म्हणून मीही औषधच म्हणते. दुपारी चारलाच त्यांना ते लागतं. घेतलं की तासभर बरे असतात, नातवाला हिशेबाचे पाढे म्हणायला लावतात. मग गप्प होतात, आणि ते गप्प होणं मला बघवत नाही.

परवा सकाळी मी केर काढत होते. म्हणाले, “सूनबाई, आता तुझी सुटका होईल.” मी म्हटलं, असं बोलू नका. तेवढंच म्हटलं. पण सबंध दिवस मला तेच ऐकू येत होतं.

तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता. मी धर्मातलं फार शिकलेली नाही. काका, हे वैराग्यच आहे ना?

आपली
राजकुंवर


धुळे, ४ मार्च १९६७ (पोस्टकार्ड)

गौतमचंद,

भागाबाईने साक्रीहून सूनबाईचं पत्र इथे दवाखान्यात आणलं. एका डोळ्यावर पट्टी आहे, दुसऱ्याने लिहितो, ओळी वाकड्या आल्या तर चालवून घे. तार केली असती, पण तारेत हे मावत नाही, आणि तार बघून तुमच्याकडे नुसतीच रडारड होईल. मुद्दाम उघड्या कार्डावर लिहितो आहे. पाकीट तू न फोडता उशीखाली ठेवशील. कार्ड पोस्टमन वाचेल, गिरधर वाचेल, सुरेश वाचेल. वाचू दे.

दोन प्रश्न. त्या बाटलीत दारू आहे का? आणि तू जीव द्यायचं मनात आणलं आहेस का?

होय असेल तर होय म्हण. मी रागावणार नाही आणि तुला पापीही म्हणणार नाही. फक्त खोटं बोलू नकोस.

राजकुंवर, हे तू वाचत असशील तर त्यांना एकटं ठेवू नकोस. ही पट्टी मंगळवारी सुटते. तिथूनच चाळीसगावच्या गाडीत बसतो.

सुकदेव


बोदवड, ६ मार्च १९६७

श्री. सुकदेवराव पाटील यांस,

आपण पिताजींचे मित्र, वडीलधारे, म्हणून आजवर आपल्याला कधी उलट शब्द बोललो नाही. पण आपलं कार्ड आज सकाळी दुकानात आलं. पोस्टमन वना वाचतच पायरी चढला. त्या वेळी दुकानात पाच गिऱ्हाइकं आणि जैन संघाचे दोन पंच बसलेले होते. गाव ज्यांच्या पाया पडतं त्या माणसाबद्दल आपण दारू आणि आत्महत्या असे शब्द लिहिता? आमच्या धर्मातलं आपल्याला कळत नसेल तर निदान गप्प बसावं. माझ्या वडिलांनी आयुष्यात कांदा तोंडात घातलेला नाही. आपल्या वागण्याने आमची जी मानहानी झाली तिची भरपाई कशानेही व्हायची नाही. यापुढे आपण

वरचं लिहीत होतो तेव्हा राजकुंवर दुकानात आली. ती कधी दुकानाची पायरी चढत नाही. डोक्यावरचा पदरही नीट नव्हता. तिने तेच कार्ड माझ्यासमोर ठेवलं. सकाळी मी रागाने फेकलं होतं, ते तिने उचलून पिताजींना नेऊन दिलं होतं. कार्डाच्या कडेला जिथे जागा होती तिथे पिताजींच्या अक्षरात लिहिलं आहे: “दोन्हीला होय.”

काका, ते अक्षर थरथरलेलं आहे, पण मी लहानपणापासून ते अक्षर गिरवत शिकलो, त्यात चूक नाही.

मी वर गेलो. ते खाटेवर बसले होते. मी काय बोललो ते आठवत नाही. त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडलो एवढं खरं. ते म्हणाले, “असं तोंडावर कुणी विचारलंच नव्हतं रे.” त्यांनी जे योजून ठेवलं होतं ते मला त्यांनीच काढून दाखवलं. मी ते घरातून बाहेर नेलं. गिरधरलाही आता माहीत आहे. राजकुंवर त्यांच्याजवळ बसली आहे, आणि आम्ही आळीपाळीने बसणार आहोत. जळगावच्या डॉक्टरांना निरोप गेला आहे.

हे पत्र निघेल तेव्हा आपण गाडीत असाल, रस्त्यात चुकामूक होईल. तरी पाठवतो. वरचा मजकूर फाडणार नाही. माझा वेडेपणा आपल्याकडे असू द्या.

लवकर या.

सुरेशचंद


बोदवड, ३० एप्रिल १९६७

सुकदेव,

तू जाऊन आठ दिवस झाले. सहा आठवडे माझ्या खोलीत राहून तू जे घोरलास त्याने आता शांतता जड जाते. नातवाने विचारलं, इंजीन गेलं का? मी म्हटलं, साक्रीला गेलं.

तू होतास तेव्हा पुष्कळ बोललो, पण काही गोष्टी समोर बसून सांगता येत नाहीत, कागदावर बऱ्या पडतात. जळगावच्या डॉक्टरांनी बारा दिवस ठेवून घेतलं तेव्हा मला राग आला होता. बाटली सोडायची तर घरी सोडता आली असती, असं वाटायचं. नंतर माझे हातपाय जे कापले आणि भिंतीवर जे दिसायला लागलं ते तू बघितलंस. या वयात एकदम तोडलं आणि जवळ कोणी जाणतं नसलं तर माणूस हातचा जातो, असं ते म्हणाले. आणखी एक म्हणाले, ते तू बाहेर चहाला गेला होतास तेव्हा. तरुण माणूस पिऊन रडायला लागला तर दहा जण धावतात. म्हातारा गप्प बसून पितो, त्याला लोक वय झालं म्हणतात.

मला ते पटलं. प्रेमकुंवर गेल्यावर मी पहिल्यांदा घेतलं ते झोपेसाठी, खरंच झोपेसाठी. झोप यायची. पण पहाटे तीच बाटली मला उठवायची आणि म्हणायची, तू कुणाला हवा आहेस? दिवसा हेच मनात आलं असतं तर मी हाताने बाजूला सारलं असतं. घेतल्यावर ते खरं वाटायचं, आणि एरवी ज्या गोष्टीला मी भ्यालो असतो तिची भीती वाटेनाशी व्हायची. माणसं येऊन पाया पडू लागली तेव्हा मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, याला चांगलं नाव मिळालं.

महासतीजींचं तुला पुरतं सांगितलं नव्हतं. त्या आल्या तेव्हा मी दवाखान्यातून नुकताच आलो होतो. तरी मी हट्टाने विचारलंच. त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, सूनबाईला तेवढी दारात उभी केली. मला म्हणाल्या, “जगण्याचा कंटाळा आला आहे का?” मी होय म्हटलं. “मग नाही. कंटाळलेल्याला हे व्रत देत नाहीत. ज्याला जगायची हाव नाही आणि मरायची घाईही नाही, त्याने मागावं. तुम्हाला घाई आहे.” मग म्हणाल्या, “एका दिवसाचं पच्चक्खाण घ्या. उद्या सूर्य उगवेपर्यंत त्या वस्तूला हात लावणार नाही, एवढंच. उद्याचं उद्या.” मला लाज वाटली. लहान मुलांना संवत्सरीला असे एकेका दिवसाचे नियम देतात. पण सुकदेव, मोठा नियम माझ्याने झाला नसता. आज चाळीसावा दिवस आहे.

आता मला तुला एक विचारायचं आहे. माझ्या घरात आठ माणसं. सगळ्यांना वैराग्य दिसलं. पंचांना दिसलं. तू तर आमच्यातलाही नाहीस आणि शंभरेक मैलांवर, डोळ्याला पट्टी बांधून पडलेला. तुला कसं कळलं?

गौतमचंद


साक्री, ७ मे १९६७

गौतमचंद,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. दोनदा लिहायला बसलो आणि उठलो. भागाबाई म्हणाली, “त्यास्नी तुमले खरं सांगं, आते तुम्हीबी सांगा.” म्हणून सांगतो.

मला कळलं नव्हतं. कळलं ते भागाबाईला, तुझ्या पहिल्या पत्रालाच, आणि मी तिला हसण्यावारी नेलं. तुला उंदरांचं आणि पंचांगाचं लिहिलं. ते पत्र तुझ्याकडे असेल तर जाळून टाक. सूनबाईचं आलं तेव्हा मात्र मला दुसरा माणूस दिसला.

आमचा थोरला कौतिकदादा. १९५१ साली तू त्याच्या दिवसांना साक्रीला आला होतास. आम्ही तुला ताप सांगितला. गावालाही तापच सांगितला, आणि घरात आपापसात बोलायची वेळ आली की दारूने गेला म्हणायचो. दोन्ही खोटं. वहिनी गेल्यावर तीन वर्षं तो मोहाची पीत होता. बासष्ट वर्षांचा होता. त्याने स्वतःच स्वतःला संपवलं.

त्याच्या आदल्या दिवशी तो शाळेत आला होता. धोतर धुतलेलं, दाढी केलेली. मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. मागच्या बाकावर येऊन बसला. थोड्या वेळाने म्हणाला, “सुकदेव, मनं काही चुकनं व्हई ते पोटमा घाल.” मी मान वर न करता म्हटलं, “दादा, उतरनी म्हनजे ये, मंग बोलूत.”

त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता. एवढंच सांगायचं होतं. तो थोडा वेळ बसला, पोरांच्या पाट्या बघितल्या आणि गेला.

मला दिसलं नव्हतं असं नाही. धुतलेलं धोतर मला दिसलं. पण असं काही विचारलं तर नसलेलं त्याच्या डोक्यात घालून देऊ, असं मला वाटलं. आणि थोरल्या भावाला असं विचारायचं कसं, याची लाजही वाटली. सोळा वर्षं मी हे दोन्ही पोटात ठेवलं. दवाखान्यात सूनबाईचं पत्र ऐकताना मी पडून होतो. ते संपल्यावर मी नर्सबाईकडे कार्ड मागितलं. ती म्हणाली, डोळ्याला ताण पडेल. मी म्हटलं, पडू दे.

तू होय लिहिलंस, म्हणून हे तुला सांगता आलं. नाहीतर माझ्याबरोबरच गेलं असतं.

सुकदेव


बोदवड, १३ मे १९६७

सुकदेव,

तुझं पत्र राजकुंवरने मला वाचून दाखवलं. कौतिकभाऊंपाशी येऊन ती थांबली, पाणी प्यायली आणि पुढे वाचलं. मी तुला दोष नाही असं लिहिणार होतो. पण ते खोटं समाधान होईल, आणि आपण खोटं सोडलं आहे. एवढंच लिहितो की ते ज्या बाकावर येऊन बसले त्या बाकावर तुला अजून बसावंसं वाटत असेल तर एकट्याने बसू नकोस. मला बोलव. मला आता साक्रीपर्यंत यायला कुणाची परवानगी लागत नाही.

घरातली एक गोष्ट सांगतो. तू गेल्यापासून राजकुंवर रोज सकाळी माझ्या खोलीत येते आणि विचारते, “बापूजी, आज कसं?” आधी नुसती पद्धत म्हणून विचारत असेल असं वाटायचं. मग तिनेच सांगितलं की उत्तरं तीन आहेत. ठीक, बरं नाही, आणि तिसरं म्हणजे तुझ्या कार्डावरच्या दुसऱ्या प्रश्नाला होय. जे असेल ते सांगायचं, सुरेशलाही ठाऊक आहे, कुणी दचकणार नाही. पहिले बरेच दिवस मी ठीक म्हणत गेलो. त्यातले निम्मे खरे होते.

आज प्रेमकुंवरचा वाढदिवस. आमच्यात तो कुणी करत नाही, पण मला तारीख ठाऊक आहे. सकाळी उठल्यापासून त्या बाटलीचा वास नसताना नाकात येत होता. राजकुंवर आली, तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं, चुलीवर तवा होता. तिने विचारलं, बापूजी, आज कसं?

मी म्हटलं, बरं नाही.

तिने खाली हाक मारून तवा उतरवायला सांगितलं आणि पिठाच्या हातांनीच माझ्याजवळ बसली. अजून बसलेली आहे. हे पत्र ती म्हणाली म्हणून लिहिलं.

गौतमचंद